घर जॅकवर उचलून 11 महिने झाले: भिंती जागेवर, हॉलची लादी 18 मिमी खाली

गोराई खाडीच्या बाजूला भरावावर बांधलेलं सुटं बैठं घर. 20 बाय 30 फूट, 9 इंची विटांच्या भिंती, वर 5 इंची स्लॅब, पाया डबराचा आणि तोही जेमतेम 3 फूट. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि जोतं रस्त्याच्या 14 इंच खाली गेलं. शिवाय मोरीकडचा मागचा कोपरा पुढच्या कोपऱ्यापेक्षा 34 मिमी खचलेला. गेल्या फेब्रुवारीत पायाला मायक्रोपाइल, म्हणजे जमिनीत खडकापर्यंत नेलेले बारीक खांब, देऊन घर 3 फूट उचललं. एक अख्खा पावसाळा गेल्यावर हे लिहितो आहे.

घर उचलणं आणि घराचं खचणं थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक लोक पहिल्याचे पैसे देऊन दुसरं झालं असं धरून चालतात. जॅकने उंची मिळते, खालची माती होती तशीच राहते. म्हणून ठेकेदाराला बोलावण्याआधी घर अजून खचतंय की खचून थांबलंय हे पाहा. प्रत्येक मोठ्या भेगेवर 3 मिमी काचेची पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एका पावसाळ्यात पट्टी फुटली म्हणून घाबरू नका. चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे ते मे असा वर्षाचा हिशेब धरा. कोपऱ्यांची उंची पाण्याच्या लेव्हल ट्यूबने दर महिन्याला एकाच खुणेवरून मोजा. ढोबळ अंदाज असा: 3 मीटर लांबीत 10 मिमी फरक पडला की भिंतींना भेगा दिसू लागतात, 20 मिमी झाला की बांधकामालाच इजा होते. 6 मीटरमध्ये 34 मिमी म्हणजे या दोन्हींच्या मधली अवस्था.

कारणही शोधायलाच हवं. मोरीचा किंवा चेंबरचा पाईप गळत असेल तर पाण्याबरोबर बारीक माती वाहून जाते आणि नेमका तोच कोपरा बसतो. दुसरं कारण मुंबईत वाढत चाललं आहे: शेजारी टॉवरचा खोल खड्डा खणतात आणि महिनोन्‌महिने पंप लावून पाणी उपसतात. भूजल 1 मीटर उतरलं की खालच्या चिकणमातीवर चौरस मीटरला जवळपास 1 टन जादा भार येतो, जणू घरावर आणखी एक मजला चढवला. असा उपसा चालू असताना घर उचलायला घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

या घराखाली 1.8 मीटर भराव, त्याखाली साडेपाच मीटर काळी खाडीची चिकणमाती आणि मग मुरूम होत गेलेला बेसॉल्ट. मुरूम 6-7 फुटांवर असता तर 3-4 फुटांचे तुकडे आळीपाळीने खणून पाया खाली नेता आला असता आणि ते स्वस्तही पडलं असतं. इथे 4 फुटांवरच पाणी लागतं, खड्डा उभा राहत नाही. म्हणून 150 मिमी व्यासाचे 28 पाइल, भिंतीच्या दोन्ही अंगांना आलटूनपालटून, प्रत्येक सुमारे 9 मीटर, शेवटचा दीड मीटर खडकात. वर भिंतीच्या दोन्ही बाजूंना आरसीसी बीम, आणि दर 4 फुटांवर भिंतीला भोक पाडून ते एकमेकांना जोडलेले. घराचा भार आधी या बीमवर घ्यायचा आणि मगच जॅकला हात लावायचा.

पाइलवर देखरेख करताना गोण्या मोजा. 150 मिमीच्या 9 मीटर भोकाला 50 किलोच्या किमान 4 गोण्या सिमेंट लागतंच. अडीच गोण्यांत भोक भरलं तर केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाईप) लवकर वर ओढलं गेलं आणि बाजूची चिकणमाती आत दाबली गेली असं समजा. इथे दोन पाइलना तेच झालं आणि ते शेजारी पुन्हा घ्यावे लागले. गोणीला 22 ते 25 लिटरच पाणी. ग्राउट (सिमेंट-पाण्याचा पातळ माल) पंपातून नीट जात नाही म्हणून कामगार बादलीने पाणी वाढवतात, तिथे उभं राहून अडवावं लागतं. नळी तळापर्यंत सोडून खालून वर भरायचं, आणि चिखल संपून स्वच्छ ग्राउट वर येईपर्यंत थांबायचं नाही.

उचलण्याचं काम बघायला भीतीदायक वाटतं, पण शिस्त पाळली तर सगळ्या कामात तेच सरळ आहे. जोत्याजवळ भिंत तुकड्या-तुकड्याने कापून खाली लोखंडी चॅनल सरकवतात. लागोपाठचे दोन तुकडे एकदम काढायचे नाहीत. दर 2 फुटांवर एक, कोपरे आणि दारांजवळ जास्त, असे 74 स्क्रू जॅक लागले. घराचं वजन सुमारे 80 टन, म्हणजे जॅकला सव्वा टनसुद्धा येत नाही. मग 10 टनी जॅक इतके जवळ कशाला? वीटकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. दोन जॅकमधलं अंतर वाढलं की भिंत मध्ये लवते आणि खालून चिरते. पैसे वाचवायला 4 फुटांवर जॅक लावू म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका.

शिट्टी वाजली की सगळ्यांनी पाव फेरा, म्हणजे 3 मिमी. 3 फुटांना असे सुमारे 300 पाव फेरे. दर 6 इंचांनी जॅक मोकळा करून खाली नवा थर रचतात, तेव्हा एकाआड एकच मोकळा करायचा. खचलेला कोपरा सगळ्यात आधी समतल करायचा, पण त्याआधी भेगांमधला जुना माल, रंग, लांबी (पुट्टी) खरवडून काढा. तो आत राहिला तर भेग मिटत नाही, उलट दुसऱ्या टोकाला नवीन पडते. 34 पैकी 28 मिमी उचलून थांबलो ते बरोबर ठरलं, कारण पुढे स्लॅबखालच्या सांध्यातून बारीक भुगा गळू लागला होता. दारांचा मात्र विचार राहून गेला होता. खचलेल्या चौकटीत बसावं म्हणून मागचं सागवानी दार वर्षानुवर्षं तासत आणलेलं. चौकट सरळ झाली आणि वरच्या बाजूला बोटभर फट पडली. सुताराचे पैसे आधीच धरून ठेवा.

ठेकेदाराशी खटका उडाला तो जॅक काढण्यावरून. पुढच्या साइटला जॅक हवेत म्हणून चौथ्या दिवशीच काढायची घाई. नवीन वीटकाम किमान 7 दिवस पाणी मारून पिकवा, खालचा काँक्रीटचा भाग त्याहून जास्त. चॅनल आणि नव्या भिंतीमधली शेवटची 2 इंच फट ओल्या मालाने भरायची नाही. माल आकसतो आणि घराभोवती आडवी रेघ उमटते. सिमेंट एक भाग, रेती तीन भाग, मुठीत जेमतेम वळेल इतकंच पाणी, आणि लाकडी ठोकळ्याने ठासून भरायचं. पूर्वेच्या भिंतीला हे घाईत झालं, तिथे केसाएवढी भेग आज 9 फूट लांब दिसते. बाकी तीन बाजूंना काही नाही.

जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून थर घालायची संधी याच वेळी मिळते. दीड इंच काँक्रीट, वॉटरप्रूफिंग कंपाउंड मिसळून, भिंतीच्या पूर्ण रुंदीला. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत 5 फुटांचा तुकडा राहून गेला. ऑगस्टमध्ये नेमका तेवढ्याच पट्ट्यावर लोणा फुटला. बोट फिरवलं की पांढरी खारट पूड हाताला येते. शेजारची भिंत कोरडी खडखडीत.

आता हॉल. घर 3 फूट वर गेलं की आत 3 फूट पोकळी राहते आणि सगळेच मुरूम भरायला सांगतात. पूर्ण घर भरायचं तर ठासून 15 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट), म्हणजे साधारण 75 टन. घराच्या वजनाइतकंच वजन पुन्हा त्याच मऊ चिकणमातीवर! भिंती पाइलवर आहेत, लादी नाही. हॉलमध्ये साडेसात ब्रास भरणी केली. आतली खोली आणि स्वयंपाकघर इथे जोत्याच्या भिंतींवर 5 इंची स्लॅब टाकून खाली पोकळी ठेवली. आतल्या दोन्ही ठिकाणी काहीच हललं नाही. हॉलची लादी भिंतीवरच्या खुणेपासून जुलैत 6 मिमी, ऑक्टोबरात 15, आता 18 मिमी खाली आहे. स्कर्टिंगखाली पेन्सिल जाते. वेग कमी होतोय, पण खालची चिकणमाती दबताना पाइललाही खाली ओढते, म्हणून याकडे दुर्लक्ष करणार नाही.

पावसाळ्याबद्दल तक्रार नाही. जोतं आता रस्त्याच्या 22 इंच वर आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले त्या दिवशी गल्लीतलं पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं, उंबऱ्याला लागलं नाही. तरी गटाराला जोडलेल्या पाईपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पाणी मोरीतून उलटं येतं. सहा पायऱ्यांनी पुढची 5 फूट जागा खाल्ली आणि म्हाताऱ्या माणसांना कठडा लागतो. गॅसची लाइन कंपनीच्या माणसाकडूनच काढा आणि जोडा.

कागदपत्रांत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीचा नकाशा आणि अहवाल घेऊन वॉर्ड ऑफिसात परवानगीचं आधी विचारा; मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 चं कलम 342 (इमारतीत फेरबदल करण्याआधी आयुक्तांना सूचना देण्याचं) इथे आडवं येतं, आणि खाडीलगत सीआरझेडही (किनारा नियमन क्षेत्राचे नियम). सलग रांगेतलं, सामायिक भिंतीचं घर एकट्याने उचलता येत नाही, भिंत आधी वेगळी करावी लागते. पूर्ण खर्चात उचलण्याचा वाटा पाव होता; पाइल आणि बीमचा त्याहून जास्त.

मार्चमध्ये हॉलची लादी उखडून वरची 2 फूट भरणी, म्हणजे 5 ब्रास, पोत्यांतून बाहेर काढायची आहे, कारण गल्लीत टेम्पो शिरत नाही. वर 10 फूट गाळ्याची (दोन आधारांमधल्या अंतराची) 5 इंची स्लॅब, 10 मिमी सळई 6 इंचांवर, आणि समोरासमोरच्या भिंतींत 4 इंची जाळीची भोकं, पोकळीत हवा खेळावी म्हणून.