एप्टेशियावर आधी कोळंबी, मग बर्गिया: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या गणपतीच्या आठवड्यात माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, झोआंथस या मऊ प्रवाळाच्या दगडाच्या कडेला एक तपकिरी, आरपार दिसणारं फूल उगवलेलं दिसलं. घरात पाहुण्यांची वर्दळ होती, फूलही दिसायला छान होतं, म्हणून मी तसंच राहू दिलं. शेजारचे काका जन्मभर होडीवर गेलेले. टाकीत डोकावून म्हणाले, "असला खडपार चिकार असता." त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या खडपावरची, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरची समुद्रफुलं होती. माझ्याकडे आलेला होता एप्टेशिया, समुद्रफुलांतलाच पण टाकीत माजणारा उपद्रवी प्राणी. दिवाळीपर्यंत त्या एकाचे चाळीसच्या वर झाले.

माझी टाकी मालवणात, घराच्या पुढच्या खोलीत आहे. चार फुटी, साधारण २४० लिटरची, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. आत फक्त मऊ प्रवाळ: झोआंथस, मशरूम, लेदर, झेनिया. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तो विषयच नाही. समुद्र दारात असला तरी तिथला एक दगडही मी घरात आणत नाही. १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे आणि त्याच्या जवळ राहणाऱ्यांनी ते आधी पाळायला हवं. एप्टेशिया आला तो विकत घेतलेल्या झोआंथसच्या दगडाबरोबर. तो दगड मी वेगळ्या टबात पंधरा दिवस ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

ज्यांना हा प्राणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यामुळे खायला न घालताही तो नुसत्या उजेडावर तग धरतो. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जागा बळकावतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, सरकताना तळव्याचा बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवा एप्टेशिया तयार होतो. मी पहिल्यांदा चिमट्याने एक ओढून काढला. तीन आठवड्यांनी त्याच जागी पाच बारके उभे होते. हाताने खरवडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

मग चुना. खायचा नव्हे, मत्स्यालयासाठी मिळणारी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड. पाण्यात घट्ट कालवायची, सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करायचे आणि एप्टेशिया मिटायच्या आत त्याच्या तोंडावर सोडायची. तीन-चार फुलं असतील तर याहून चांगला उपाय नाही. चाळीस असतील तर नाही. एका वेळी पाच-सहाच्या वर केलं की पाण्याचा पीएच चढतो, आणि दगडाच्या मागच्या बाजूला सुई पोचतच नाही.

लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय आण, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मासा देखणा आहे, पण पुष्कळदा नव्या टाकीत खाणंच धरत नाही, आणि माझ्या टाकीएवढ्या जागेत त्याला कोंडणं मला पटलं नाही. फाइलफिश एप्टेशिया खातो, पण झोआंथसलाही तोंड लावू शकतो. म्हणून कोळंबी.

इथे एक फसवणूक झाली. एका विक्रेत्याकडून एप्टेशिया खाणाऱ्या पेपरमिंट जातीच्या म्हणून चार कोळंब्या मागवल्या आणि आल्या कॅमल जातीच्या. फरक तेव्हा मला ओळखता आला नाही, आता झोपेतही ओळखेन. कॅमलच्या पाठीला कुबड असतं, डोळे टपोरे, लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा, आणि डोक्यावरची चोच बिजागरीसारखी वरखाली हलते. पेपरमिंट सडपातळ असते, फिकट पारदर्शक अंगावर लाल उभ्या रेघा. कॅमल मऊ प्रवाळ कुरतडते. आठ दिवसांत माझ्या झोआंथसच्या दोन वसाहती गेल्या, त्यातली एक मी तीन वर्षं वाढवलेली होती. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत आणि चूक मान्यही केली नाही. फोटो मागितल्याशिवाय कोळंबी घेऊ नका, आणि फोटोत पाठ नीट दिसली पाहिजे.

नोव्हेंबरमध्ये दुसरीकडून खऱ्या पेपरमिंट सहा आणल्या. तीन महिने ठेवल्या. पहिल्या महिन्यात नखाएवढे एप्टेशिया झपाट्याने कमी झाले, मोठ्यांना मात्र त्यांनी हातही लावला नाही. माशांना मायसिस, म्हणजे कोळंबीसारखं बारीक खाद्य घातलं की सहाही जणी पुढे, आणि पोट भरलं की एप्टेशिया विसरल्या. खाणं कमी केलं तर मासे उपाशी. जानेवारीअखेर मोजले तेव्हा मोठे सव्वीस होते आणि त्यांच्या बुडाशी नवे बारके यायला लागले होते. माझ्या मते पेपरमिंट सुरुवातीलाच ठेवावी, म्हणजे बारीक एप्टेशिया मोठे व्हायच्या आत खाल्ले जातात. माजल्यानंतर तिच्याकडून अपेक्षा करू नये.

फेब्रुवारीत पुण्याहून आठ बर्गिया आल्या, एका हौशी माणसाने घरीच वाढवलेल्या. रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून, थर्माकोलच्या खोक्यात. बर्गिया म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, पूर्ण वाढली तरी दोन-तीन सेंटिमीटर. ती एप्टेशियाशिवाय काहीही खात नाही. मजानो नावाचं दुसरं उपद्रवी फूल असतं, त्याकडेही ती बघत नाही. त्यामुळे प्रवाळांना धोका शून्य.

पण तिला खाणारे पुष्कळ. पेपरमिंट कोळंबी खाते, रॅस जातीचे बरेचसे मासे खातात. आधी सहाही कोळंब्या टाकीतून काढाव्या लागल्या. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीच्याच मांसाचा तुकडा टाकला आणि रात्रभर ठेवली. पाच त्यात सापडल्या, सहावीसाठी आणखी चार रात्री गेल्या. आता त्या सम्पमध्ये राहतात. टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या तोंडावर स्पंज बसवला, पाण्यात लाटा करणारा वेव्हमेकर पंप रात्री बंद ठेवायला लागले. आणि टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर बर्गिया आणूच नका.

वरून पाण्यात टाकून द्यायच्या नाहीत. दिवे घालवून, पंप बंद करून, जाड पिपेटने एप्टेशियाच्या जवळच दगडावर ठेवायच्या, आठही एकाच ठिकाणी. प्रत्येक बर्गिया नर-मादी दोन्ही असते, पण अंड्यांसाठी दुसरी भेटावी लागते. विखुरल्या तर भेटणं कठीण.

मग सात आठवडे काहीही दिसलं नाही. एकही बर्गिया नाही, एप्टेशिया जसेच्या तसे. घरातले म्हणाले, मेल्या. मीही जवळजवळ तेच धरून चालले होते.

मार्चच्या शेवटी एका रात्री अकराच्या सुमारास लाल बॅटरी लावून बसले. सगळ्यात मोठ्या एप्टेशियाच्या देठाशी दोन बर्गिया दिसल्या. पांढुरक्या अंगावर केसाळ झुपके, टोकांना फिकट रंग. एकीने तोंड लावलं, तसा एप्टेशिया आक्रसला आणि त्याच्या अंगातून पांढरे धागे बाहेर पडले, त्याच धाग्यांत त्याचा डंख असतो. बर्गिया मागे सरकली, पाठीवरचे झुपके पुढे वळवले आणि पुन्हा आली. ती खाल्लेल्या एप्टेशियाच्या डंखपेशी न पचवता त्या झुपक्यांत साठवते आणि स्वतःच्या बचावाला वापरते. मी पाऊण तास तशीच बसून होते. सकाळी तिथे देठाचा चोळामोळा उरला होता, दुसऱ्या दिवशी तोही नव्हता. मागच्या काचेवर अंड्यांची पांढरी वेटोळी मिळाली, करंगळीच्या नखावर मावेल एवढ्या चकलीसारखी. बाराएक दिवसांत ती फुटली.

तिथून पुढे वेग आला. एप्रिलमध्ये फरक जाणवेल न जाणवेलसा, मेमध्ये निम्मे, जूनमध्ये मोजायला पाच. पहिल्या पावसात नऊ तास वीज गेली. बॅटरीवरच्या हवेच्या पंपावर टाकी तरली, बर्गियाही तरल्या. जुलैअखेर पुढच्या काचेतून एकही एप्टेशिया दिसत नव्हता. ओव्हरफ्लोच्या कप्प्यात मात्र एक आहे, तिथे बर्गिया पोचत नाहीत. त्याला चुना लावला, परत आला, परत लावणार आहे.

ज्यांना बर्गिया आणायच्या आहेत त्यांनी पुढची गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. एप्टेशिया संपला की त्यांचं अन्न संपतं आणि त्या उपाशी मरतात. जूनच्या मध्यावर काचेच्या तळाशी एक आकसून पडलेली दिसली आणि मला फार लागलं. चार महिने तिने माझं काम केलं होतं. त्याच दिवशी दहा लिटरचा टब मांडला, उरलेल्या एप्टेशियांपैकी दोन बारक्या दगडांसकट त्यात हलवले आणि त्यांना आर्टेमिया हे बारीक जलजीवांचं खाद्य घालून वाढवायला लागले. ज्या प्राण्याला घालवायला वर्ष गेलं त्यालाच आता रोज खाऊ घालते, कारण त्याच्यावर बर्गिया जगतात. टब टाकीपासून लांब, वेगळी पिपेट, वेगळा टॉवेल.

खर्च म्हणाल तर बर्गिया कोळंबीपेक्षा बऱ्याच महाग पडल्या. दहा-पंधरापर्यंत एप्टेशिया असतील तर चुना आणि चिकाटी पुरे. त्याहून जास्त असतील, टाकीत रॅस नसेल आणि चार-सहा महिने थांबायची तयारी असेल, तरच बर्गिया घ्या, आणि कमीत कमी सहा घ्या.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या एका ताईंसाठी बारा बर्गिया मालवण स्टँडवर दिल्या, रुंद तोंडाच्या बाटलीत, सोबत एप्टेशियाचा एक खडा. त्या सुखरूप पोचल्या. टबात अजून नऊ आहेत. तळकोकणात कुणाला हव्या असतील तर कळवा, पण आधी टाकीत कोळंबी आणि रॅस आहे का ते सांगा.