फाइलमधला एकच खरा कागद

साडेनव्व्याण्णव हजारांना फसलो. बायको सरळ लाख म्हणते, मी अजून पाचशे रुपये वजा करून सांगतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पंधरा वर्षं सुपरवायझर म्हणून काढली, दुधाचं बिलसुद्धा दोनदा तपासून देणारा माणूस मी. त्यामुळे हे सांगायला बरीच वर्षं लाज वाटली. आता सांगतो, कारण गेल्या महिन्यात कंपनीतल्या एका पोराच्या हातात तसलंच पत्रक बघितलं.

२०१७चं नवरात्र होतं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘अमेरिकन ग्रीन कार्ड लॉटरी’वर मोफत मार्गदर्शन, चहा-समोसा सकट. बोलणारा गृहस्थ तिशी-पस्तिशीचा, मराठी स्वच्छ, कुठेही घाई नाही. त्याने सांगितलं की अमेरिका दरवर्षी सोडतीने कायमचं राहायला पन्नासेक हजार व्हिसा देते. तिकडे नोकरी लागलेली असायची गरज नाही, बारावी पास पुरे. अर्ज फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिनाभर घेतात. हे सगळं तेव्हा खरं होतं. घरी येऊन मी एकेक मुद्दा ताडून बघितला आणि सगळे जुळले. त्याने एकच वाक्य गाळलं होतं: भारतात जन्मलेल्यांना ही सोडत बंद आहे.

अर्ज भरून द्यायची त्याची फी माणशी तीन हजार. आम्ही चौघं, म्हणजे बारा. (नंतर कळलं की नवरा-बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं एकाच अर्जात येतात, आणि त्या वेळी तो अर्ज चक्क फुकट होता. २०२५ मध्ये एक डॉलर फी लावायचा नियम झाला. एक डॉलर.)

कागदपत्रं द्यायला ऑफिसात गेलो तेव्हाचा प्रसंग विसरत नाही. हिचा जन्म कुवेतचा. सासरे तिथे गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. ऑगस्ट १९९०मध्ये सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा ही सहा वर्षांची. बसने बगदादमार्गे अम्मान आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. फ्रीज, टीव्ही, दोन महिन्यांचा थकलेला पगार, सगळं तिकडेच राहिलं. सासऱ्यांनी कागदांची पिशवी तेवढी छातीशी धरून आणली. त्यातला अरबी जन्मदाखला हिने टेबलावर ठेवला. साहेब हसले. ‘वहिनी, हा अरबी कागद कशाला? अमेरिकेला जायचंय ना आपल्याला? ह्यांच्या नावाने भरू.’ आम्हीही हसलो. दाखला परत पर्समध्ये गेला.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्याचा फोन आला की अमेरिकेच्या सिस्टीममध्ये बिघाड झाला, आधीचे अर्ज रद्द झाले, पुन्हा भरावे लागतील, अडीच हजार. मला शंका आली, म्हणून बातमी शोधली. बातमी खरी निघाली! त्या वर्षी ३ ते १० ऑक्टोबरदरम्यान आलेले अर्ज तांत्रिक घोटाळ्यामुळे खरोखर बाद झाले होते आणि १८ ऑक्टोबरपासून नोंदणी नव्याने सुरू झाली होती. झालं, माझा विश्वास दुप्पट झाला. माणूस किती अपडेटेड आहे, असं मीच ऑफिसात चार जणांना सांगितलं. अर्ज त्याने ना पहिल्यांदा भरला होता ना दुसऱ्यांदा, हे कुठे माहीत होतं!

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मेल आला. वर गरुडाचं चिन्ह, खाली अभिनंदन, माझं नाव, एक लांबलचक नंबर. तिळाचे लाडू करता करता हिने हात पुसून तो मेल तीनदा वाचला. आता प्रत्येकी ३३० डॉलर व्हिसा फी, चौघांचे १३२०, म्हणजे तेव्हाच्या भावाने ८५ हजार, आठ दिवसांत भरा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. मी गूगलवर ३३०चा आकडा तपासला. बरोबर होता. तिथेच थांबलो. त्याच माहितीत जरा खाली गेलो असतो तर वाचलं असतं की ही फी मुलाखतीला गेल्यावर अमेरिकी दूतावासातच भरायची असते, कुणाच्या बँक खात्यात नाही. आणि खातं तरी कसं, कंपनीचंही नव्हे, एका व्यक्तीचं बचत खातं. विचारल्यावर म्हणाला, ‘सर, जीएसटीचा घोळ आहे, तुमचेच अठरा टक्के वाचवतोय.’ मी आभार मानले.

मार्चमध्ये पुढची मागणी आली: मेडिकल आणि ‘सेटलमेंट डिपॉझिट’, दोन लाख चाळीस हजार. मी पीएफमधून काढायच्या तयारीत होतो. हिने मला न विचारता अमेरिकेत एडिसनला असलेल्या आपल्या मामेभावाला फोन लावला. त्याने दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग फोन माझ्याकडे मागितला. ‘दाजी, इंडियाला लॉटरी असती तर मी सहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत झक मारत बसलो असतो का?’

मग त्याने शांतपणे समजावलं. ही सोडत १९९०च्या कायद्याने आली, ज्या देशांतून अमेरिकेत फार लोक येत नाहीत त्यांच्यासाठी. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून पन्नास हजारांहून जास्त लोक कायमचे गेले तो देश बाद. भारत त्यात कायमचा अडकलेला. नेपाळला, श्रीलंकेला चालते, आपल्याला नाही. निकाल मे महिन्यात लागतो, जानेवारीत अभिनंदन कसलं आलं? शिवाय निवड झाल्याचा मेल अमेरिकी सरकार पाठवतच नाही. अर्ज भरल्यावर एक कन्फर्मेशन नंबर मिळतो, तो टाकून आपणच त्यांच्या साइटवर बघायचं. ‘तुमच्या मेलचा पत्ता शेवटून वाचा,’ तो म्हणाला. शेवटी होतं डॉट ऑर्ग. तिकडच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह असतं.

आणि मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, ‘पण ताईचा जन्म कुवेतचा ना? तिला चालतं की.’

ह्या सोडतीत नागरिकत्व बघत नाहीत, जन्माचा देश बघतात. कुवेत तेव्हा यादीत होतं. आणि बायकोच्या जन्मदेशावर नवऱ्यालाही स्वतःचा वेगळा अर्ज भरता येतो, फक्त दोघांची नावं अर्जात हवीत आणि जायचं बरोबर. म्हणजे आमच्या त्या जाडजूड फाइलमध्ये उपयोगाचा असा एकच कागद होता, तो पर्समध्ये गेला होता, आणि तो टेबलावर आला तेव्हा मी हसलो होतो. पैशांपेक्षा हे जास्त टोचतं. आखातात जन्मलेली कितीतरी मराठी मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांनी आपला जन्मदाखला काढून बघावा एवढ्यासाठी इतकं सविस्तर लिहिलं.

ऑफिसला गेलो तर शटर बंद, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, भाड्यासाठी मालकही शोधतोय. पोलिसांत तक्रार दिली, ४२० लागलं. ते खातं निघालं बाहेरगावच्या एका रिक्षावाल्याचं, त्याला महिन्याला दोन हजार मिळत होते. खात्यात शिल्लक अकराशे. मी दोन महिन्यांनी गेलो होतो. तास-दोन तासांत गेलो असतो तर कदाचित पैसे अडवता आले असते. आता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे, पैसे गेल्याचं कळताच आधी तो फिरवा, शरम नंतर.

ऑक्टोबर २०१८मध्ये आम्ही स्वतः दोन अर्ज भरले, एक हिचा, एक माझा. चष्मा काढून फोटो, मुलांचे वेगळे फोटो, अर्धा तास गेला. मे महिन्यात बघितलं, दोघांचाही नंबर नाही. पुढची दोन वर्षंही नाही. मग मुलीची दहावी आली आणि ते मागे पडलं.

त्या माणसाचा मोबाइल नंबर मी अजून डिलीट केलेला नाही. तो फोन उचलत नाही, पण व्हॉट्सअॅपचा फोटो बदलतो. आमच्या वेळी तिथे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा होता. सध्या कॅनडाच्या झेंड्यावरचं मेपलचं पान आहे.