जुना स्टेंटर घेताय? पॅनेलवरच्या आकड्यांवर जाऊ नका

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं कापड प्रोसेसिंगचं छोटं युनिट आहे. शाळेच्या गणवेशाचं पॉलिएस्टर-मिक्स कापड स्टेंटरवर, म्हणजे गरम हवेच्या लांब मशीनवर, ताणून, पन्हा धरून, हीट सेट करून द्यायचं, म्हणजे धुतल्यावर ते आटत नाही. नवी मशीन झेपणारी नव्हती, तेव्हा इतवारीतल्या एका दलालानं सुरतची जुनी सुचवली. आठ चेंबर, म्हणजे गरम हवेचे कप्पे, थर्मिक ऑइलवर, म्हणजे गरम तेलावर तापणारे. "भाऊ, अजून मस्त चालून राहिली, जाऊन बघून घ्या."

बघितली. कापड धरून नेणारी साखळी फिरत होती, तिच्या पिना सरळ, ब्लोअर चालू, पॅनेलवर आठही आकडे १९० अंशांच्या आसपास. कापड तेवढं लावून दाखवलं नाही. म्हणे लॉट आत्ताच संपला.

इथे बसवली आणि पहिल्याच ऑर्डरचं कापड धुतल्यावर आटलं. हिशेबात तर चूक नव्हती. एक चेंबर तीन मीटरचा, म्हणजे एकूण २४ मीटर. मिनिटाला ४० मीटर वेगानं कापड ३६ सेकंद आत राहतं. त्यातला काही वेळ कापड तापण्यातच जातो, उरलेल्यात सेट व्हायचं.

आमचा फिटर पॅनेलसमोर उभा राहून बघत बसला. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या चेंबरचा आकडा एकाच वेळी चढायचा, एकाच वेळी उतरायचा. वायर शोधत गेला, तर तिन्ही सेन्सर चौथ्यातच! पाचव्या-सहाव्याच्या हवा तापवणाऱ्या रेडिएटरला तेल जातच नव्हतं. फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या जोडात, पत्र्याची चकती घालून लाइन बंद केलेली, वरून चंदेरी रंग. कॉइल गळत असणार, दुसरं काय! म्हणजे कामाचे सहाच चेंबर, १८ मीटर, २७ सेकंद. वेग ३० वर आणला तेव्हा कुठे कापड जागेवर आलं. उत्पादन पाऊण झालं, ते वेगळंच.

दलालाला फोन केला तर म्हणतो, "बिलावर 'आहे त्या स्थितीत' लिहिलं आहे नं भाऊ." खरंच लिहिलंय, आणि चेंबर किती, मशीनचा नंबर काय, याचा त्यावर पत्ता नाही.

बुटीबोरी, कळमेश्वरकडे कुणी जुनी मशीन बघत असेल तर आपल्या कापडाचा रोल सोबत न्या, चालवा, धुऊन मापा. फ्लँजवर ताजा रंग दिसला तर खोलायला लावा. चेंबरची संख्या बिलावर घ्या. माझा शेवटचा हप्ता मी थांबवलाय. तेव्हापासून दलाल रोज फोन करून तब्येत विचारतो.