टेली-मानस १४४१६ : पुरात राबणाऱ्या पोरांच्या किती कामाचं?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तालमींची पोरं त्याआधीच दोर, ट्यूब घेऊन बाहेर पडलेली असतात. डोक्याला लागतं ते पाणी उतरल्यावरचं काम. गोठ्यात दाव्याला बांधलेलीच मेलेली म्हस ओढून काढायची. तो वास साबणानं जात नाही.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत, २४ तास, मराठीतही. १४४१६ लावा, भाषा निवडा, समुपदेशक बोलतो. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नाहीतर सरकारी दवाखान्याकडे धाडतात. आपल्याकडे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, आहेच.

सेवा चांगली आहे, पण ऐन पुरात तिच्यावर विसंबू नका. वीज जाते, रेंज जाते, उरलेलं चार्जिंग अडकलेल्यांना शोधायला लागतं. तेव्हा गटप्रमुखानंच बघायचं. काम जोडीनं, बारा तासांवर पाळी नाही. आज जनावरं काढली त्या जोडीला उद्या शिधावाटपावर घाला. रात्री सगळ्यांना गोल बसवून ‘सांग, काय काय बघितलंस’ हा प्रकार तर नकोच. बोलायचंय तो आपणहून बोलतो. बाकीच्यांचं उकरून काढलं की काहींचा त्रास वाढतो. असं एकदाच बसवून सगळं वदवून घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

दोन आठवडे उलटले तरी झोप लागत नाही, घरच्यांवर खेकसणं थांबत नाही, रोज बाटली लागते, पावसाचा आवाज आला की छाती धडधडते? मग लावा १४४१६. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२.

फोन वाया जातो तो बहुतेक घरातून लावल्यामुळं. आई भाकऱ्या थापत ऐकत असते, मग पोरगं ‘तसं बरंय’ म्हणून ठेवून देतं. त्यापेक्षा रंकाळ्यावर जावं. पहिलं वाक्य ठरवूनच ठेवावं, ‘मी पुरात मदतीला होतो, तेव्हापासून झोप नाही.’ परत लावल्यावर तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नये. मागच्या वेळी काय बोलणं झालं, त्याच्या दोन ओळी तारखेसकट लिहून ठेवाव्यात.

तालमीच्या भिंतीवर नंबर चिकटवून भागत नाही. चारचौघांत तो टिपून घेताना दिसायला कुणालाच नको असतं. वस्तादांनीच एकेकाचा मोबाईल घेऊन नंबर सेव्ह करून द्यावा, आधी स्वतःच्यात.