पेटीवाल्या काकांचं दुकान आणि आमचा रॉक बँड : नऊ महिन्यांनंतर

बँड काढलाय म्हणून घरी सांगितलं तर बाबांनी विचारलं, "कुणाच्या वरातीत?" बेळगावात बँड म्हटलं की आधी ट्रम्पेटच आठवतो.

आम्ही जातो ते पेटीवाल्या काकांचं दुकानही ढोलकी, पेटी आणि भजनी मंडळांच्या टाळांवर चालणारं. इलेक्ट्रिक गिटार दोनच टांगलेल्या. त्यातली स्वस्तातली घेतली. पन्नास वॅटचा नवा अँपही (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) घेणार होतो, तर काका म्हणाले, "कशाला घ्यायलास रे? आधी वाजव की." वरच्या माळ्यावर त्यांचा जुना अँप होता, ताशी शंभर रुपयांत माळ्यासकट मिळाला. माझा घरचा दहा वॅटचा ड्रमपुढं ऐकूच येत नव्हता, हे तिथं पहिल्याच दिवशी कळलं.

खरा उपयोग झाला तो काकांच्या कानाचा. गायकाला वरचे सूर लागेनात. आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो. काकांनी पेटी ओढली, पांढरी तीन दाबली, म्हणजे गिटारच्या जाड तारेचा सूर, मग अर्धा सूर खालची काळी दोन. "जाड तार हिच्यावर आण, बाकीच्याही अर्धा सूर उतरव." गाणी बसली, पण नऊच्या, म्हणजे पातळ, तारा ढिल्या पडून फरफरायला लागल्या. म्हणून जरा जाड, दहाच्या चढवल्या. मग बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी जुळेना, तेव्हा काका ब्रिजवरचे (गिटारच्या खालच्या टोकाला तारा टेकतात तिथले) स्क्रू फिरवत तासभर बसले. रॉक त्यांना आवडत नाही. "गोंधळ" म्हणतात. पण त्या तासाचे पैसेही घेतले नाहीत.

आता कुरकुर. माळ्याला पत्रा आहे, जुलैत पाऊस लागला की ड्रमर वाजवतोय की पत्रा, कळत नाही. अर्थिंग धड नाही, त्यामुळे अँप सतत घूं करतो. गिटारच्या तारांना हात लावला की कमी होतो. वायरमन बोलवा म्हणून तीनदा सांगून झालं. गणपतीच्या आधी महिनाभर माळा ढोल-ताशांनी भरतो, तेव्हा आम्हाला जागा नाही. खानापूरहून येणाऱ्या आमच्या ड्रमरनं त्या महिन्यात घरी उशांवर सराव केला.

बेसच्या तारा दुकानात नसतात. मागवल्या तर "सोमवारी येत्यात" म्हणतात. सोमवार कुठला, ते सांगत नाहीत. आमचा बेसवाला गोव्याला कुणी निघालं की त्याच्याकडं पैसे देऊन ठेवतो.