लॅमिंग्टन रोडवरचा साडेचारशेचा लॉजिक प्रोब आणि स्ट्रीट फायटरचा बंद पडलेला बोर्ड

आधीच सांगतो, हा लॉजिक प्रोब (आयसीच्या पायावर व्होल्टेज हाय आहे, लो आहे की हलतंय ते दिव्यांनी दाखवणारं पेन) घेऊन आठ महिने झालेत आणि जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी हातात असतो, त्यामुळे बॉक्स उघडला आणि रिव्ह्यू टाकला असला हा प्रकार नाहीये. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला गेलो, एका छोट्या गाळ्यात मिळाला, साडेचारशे रुपये. कंपनीचं नाव वगैरे काही नाही त्याच्यावर. जाड पेनाएवढा, पुढे सुईसारखं टोक, मागून दोन वायरी निघतात लाल आणि काळी, त्यांना क्लिपा, आणि अंगावर तीन दिवे, लाल म्हणजे हाय (१), हिरवा म्हणजे लो (०), पिवळा म्हणजे पल्स, म्हणजे हाय-लो बदलतंय. दोन स्विच आहेत, एक टीटीएल-सीमॉसचा (आयसींचे दोन प्रकार, दोघांचं हाय-लो वेगळ्या व्होल्टेजला ठरतं) आणि दुसरा पल्स-मेमरीचा. त्या दुसऱ्या स्विचबद्दल खाली सविस्तर लिहिलंय कारण माझं काम त्याच्यामुळेच झालं.

घेतला कशासाठी ते सांगतो. डोंबिवलीत आमच्या शाळेमागे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, एक रुपयाचं कॉइन, आणि तिथे स्ट्रीट फायटर आणि मुस्तफा या दोन मशीनींसमोर कायम गर्दी. (मुस्तफा म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते नाव आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या कॅरेक्टरच्या नावानेच गेम ओळखायचो.) पार्लर बंद होऊन जमाना झाला. मागच्या वर्षी ते पार्लरवाले काका भेटले तेव्हा सहज विचारलं तर म्हणाले, अरे बोर्ड माळ्यावर गोणपाटात पडलेत, घेऊन जा, चालू झाला तर मला खेळायला बोलव. त्यातला स्ट्रीट फायटर टू चॅम्पियन एडिशनचा बोर्ड आधी हातात घेतला. लावल्यावर स्क्रीनवर नुसता रंगीत ठोकळ्यांचा कचरा, हलत नाही, आवाज नाही.

आता हा बोर्ड ओरिजिनल नाही, बूटलेग म्हणजे चोरून केलेली कॉपी आहे, आपल्याकडच्या पार्लरमध्ये असे खूप असायचे. आणि रिपेअरसाठी हीच चांगली गोष्ट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कॅपकॉमच्या ओरिजिनल सीपीएस-१ बोर्डवर सीपीएस-ए आणि सीपीएस-बी असे कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेले आयसी असतात, ते गेले की दुसऱ्या बोर्डवरून काढल्याशिवाय मिळत नाहीत. कॉपी करणाऱ्यांना ते मिळत नव्हते म्हणून त्यांनी तेच काम ७४एलएस या साध्या लॉजिक आयसींच्या मालिकेतल्या ढीगभर आयसींनी करून घेतलं. त्यामुळे बोर्ड दिसायला भीतीदायक, आयसीच आयसी, पण त्यातला बहुतेक प्रत्येक आयसी आजही विकत मिळतो आणि प्रत्येकाच्या प्रत्येक पायावर काय चाललंय ते या प्रोबने बघता येतं.

प्रोबच्या आधी मल्टीमीटर मात्र लावाच. माझ्या सप्लायवर ५.०५ व्होल्ट दिसत होते आणि बोर्डच्या मध्यावर एका आयसीच्या पायावर फक्त ४.५८. ७४एलएसला किमान ४.७५ लागतात, त्याच्या खाली काय वाट्टेल ते होऊ शकतं आणि तुम्ही नसलेला फॉल्ट शोधत बसता. जामा कनेक्टरला (बोर्ड मशीनला जोडायचा ठरावीक कनेक्टर) दोन्ही बाजूंना २८-२८ पट्ट्या असतात, त्यातल्या वरच्या ३ आणि ४ आणि खालच्या सी आणि डी या ५ व्होल्टच्या, नेमक्या त्याच काळ्या पडलेल्या. खोडरबर आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासल्या, हार्नेसच्या (मशीनच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूचे ढिले पत्रे घट्ट केले, ४.९६ आले. कचरा मात्र तसाच.

मग प्रोब. लाल क्लिप बोर्डच्या ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, म्हणजे प्रोबला बोर्डकडूनच करंट मिळतो. इथे एक काळजी घ्या, जामाच्या ६ नंबरवर १२ व्होल्ट असतात, तिथे चुकून क्लिप लावू नका, मी सरळ एका २० पायांच्या आयसीच्या २० नंबरवर आणि १० नंबरवर लावतो. स्विच टीटीएलवर. मेन प्रोसेसर ६८०००, तो लांबलचक ६४ पायांचा. १५ नंबरवर क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारी पल्स), पिवळा दिवा चालू, छान. १८ नंबर रीसेट, सुरू केल्यावर क्षणभर हिरवा मग लाल, म्हणजे रीसेट नीट सुटतोय. १७ नंबर हॉल्ट, आणि तिथे हिरवा. लाल पाहिजे होता. बाहेरून कोणी तो पाय खाली ओढत नसेल तर याचा अर्थ प्रोसेसरने स्वतःच हात वर केलेत, एक एरर निस्तरता निस्तरता लगेच दुसरा आला की ६८००० असाच थांबून जातो. म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, त्याला वाचायला काहीतरी चुकीचं मिळतंय.

मल्टीमीटरने इथून पुढे जाता येत नाही कारण तो सरासरी दाखवतो, १.९ व्होल्ट, २.२ व्होल्ट, त्याच्यातून काय समजायचं. आणि थांबलेला प्रोसेसर सगळ्या डेटा लाइन (आकड्यांचे बिट ने-आण करणाऱ्या, डी० ते डी१५) सोडून देतो त्यामुळे प्रोब साध्या मोडवर लावला तर कुठेच काही दिसत नाही, सगळं एका क्षणात होऊन गेलेलं असतं. मेमरीचा स्विच यासाठीच आहे, तो लावला की एक जरी पल्स आली तरी पिवळा दिवा लागतो तो लागलेलाच राहतो. मी एकेका डेटा पायावर टोक धरून बसलो आणि बायको सप्लायचं बटण बंद-चालू करत होती, प्रत्येक पायाला एकदा. डी१ पासून डी१५ पर्यंत सगळीकडे पिवळा लागला. डी० वर, म्हणजे ५ नंबरच्या पायावर, काहीच नाही, दहा वेळा केलं तरी नाही.

आणि डी० च जाणं म्हणजे काय हे कळलं तेव्हा मला खरंच फार भारी वाटलं, कारण लटकलेली लाइन बहुतेक वेळा १ म्हणूनच वाचली जाते, सगळ्यात खालचा बिट १ म्हणजे प्रत्येक आकडा विषम, आणि ६८००० सुरू होताना रॉमच्या (प्रोग्राम साठवलेल्या मेमरीच्या) सुरुवातीलाच स्टॅकचा (तात्पुरत्या नोंदी ठेवायच्या जागेचा) आणि प्रोग्रामचा पत्ता वाचतो, दोन्ही विषम आले, विषम पत्त्यावरून त्याला सूचना वाचता येत नाही म्हणून एरर, एररमध्ये स्टॅकवर लिहायला गेला तर तोही विषम, दुसरा एरर, हॉल्ट. एवढा मोठा कचरा एका बिटमुळे.

डी० चा ट्रॅक धरून मागे गेलो तर ७४एलएस२४५ (रॉम आणि प्रोसेसरच्या मध्ये डेटा पुढे ढकलणारा आयसी) लागला. रॉमच्या बाजूच्या पायावर पल्स, प्रोसेसरच्या बाजूच्या पायावर तिन्ही दिवे बंद. आत येतंय, बाहेर जात नाही. तीस रुपयांचा आयसी. काढताना उपटू नका, आधी सगळे पाय कटरने कापा, मग एकेक पाय गरम करून काढा आणि डिसोल्डर पंपाने भोकं साफ करा, जुन्या बोर्डचे ट्रॅक लगेच उचलले जातात आणि आयसी वाचवायच्या नादात बोर्ड जातो. तिथे सॉकेट बसवलं, नवा २४५ लावला, बटण दाबलं आणि टायटल स्क्रीन आला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि आम्ही दोघं उभे राहून नुसते बघत होतो.

आता प्रोबची कमी बाजू, कारण हे न सांगता पाच स्टार देणं बरोबर नाही. गेम सुरू झाला पण कॅरेक्टरवर उभ्या रेघा, झँगीफच्या अंगावर तर पट्टेच पट्टे. ग्राफिक्सच्या ईप्रॉमवर (यूव्हीने पुसून पुन्हा लिहिता येणारा रॉम आयसी) प्रोब लावला, प्रत्येक डेटा पायावर पिवळा दिवा, सगळं ठीक दिसतंय. दोन शनिवार-रविवार पुढचे आयसी तपासण्यात गेले. शेवटी ईप्रॉम काढून प्रोग्रामरवर (ईप्रॉम वाचायचं-लिहायचं यंत्र) वाचले तर एक ईप्रॉम दर वेळी वेगळा डेटा देत होता. पिवळा दिवा एवढंच सांगतो की काहीतरी हलतंय, हलतंय ते बरोबर आहे का हे त्याला कळत नाही. त्यामुळे जो आयसी सॉकेटमध्ये आहे तो आधी काढून वाचा. मेम इम्युलेटरमध्ये (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) प्रत्येक गेमच्या रॉमचा सीआरसी (डेटा पडताळायचा आकडा) दिलेला असतो, बऱ्याच बूटलेगचासुद्धा, त्याच्याशी ताडून बघता येतं. माझा ईप्रॉम नवीन लिहून घातला, पट्टे गेले. जुन्या ईप्रॉमच्या खिडकीवरचा स्टिकर कधीच निघून गेलेला होता, उजेडातल्या यूव्हीने डेटा हळूहळू पुसला जातो, तेव्हा तुमच्या बोर्डवर खिडक्या उघड्या असतील तर आजच काळी टेप लावा.

दुसरी अडचण, दोन आयसी एकाच लाइनवर भांडत असतील आणि व्होल्टेज मधल्यामध्ये लटकलं असेल तर हा प्रोब गप्प बसतो, आणि पाय तुटलाय म्हणूनही गप्प बसतो, दोन्ही सारखंच दिसतं. त्याला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो. पण ऑसिलोस्कोप हजारोंच्या घरात जातो आणि नवीन माणसाला त्याची बटणं समजेपर्यंत उत्साह संपतो. मला कोणी विचारलं तर मी हाच आधी घ्या सांगेन, मीटर, प्रोब आणि ईप्रॉम प्रोग्रामर या क्रमाने.

बनावट ठीकठाक. क्लिपा मात्र पातळ पत्र्याच्या, सुटून शेजारच्या पायाला लागायची भीती, मी पहिल्याच आठवड्यात बदलून हुकवाल्या लावल्या. टोक जाड आहे, जवळजवळच्या पायांवर घसरतं, त्याला उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि फक्त एक मिलिमीटर उघडं ठेवलं. आवाजाचा बझर नाही, असता तर नजर बोर्डवरून न हलवता काम झालं असतं, शंभर रुपये जास्त देऊन बझरवाला मिळत असेल तर तोच घ्या.

साडेचारशेत पाचपैकी चार. काका गेल्या रविवारी येऊन गेले, गाईल घेऊन खेळले, बायसनपर्यंत पोचले. आता गोणपाटातला मुस्तफा काढलाय, तो ओरिजिनल निघाला, १९९३ चा, क्यू-साउंडवाला (कॅपकॉमची आवाजाची सिस्टिम), आणि त्याच्यात बॅटरी असते जी संपली की बोर्ड सुरूच होत नाही. तिथे आधी मीटरने बॅटरीचं व्होल्टेज बघणार, प्रोब नंतर.