१२ ट्रेचा विजेचा ड्रायर: शेवग्याला उत्तम, टोमॅटोला महाग, पिकल्या आंब्याला नकोच

भाज्या-फळांची भुकटी विकणाऱ्या बचत गटांकडे आणि घरगुती उद्योगांकडे हे यंत्र हमखास दिसतं. स्टीलचं कपाट, आत ३२ बाय १६ इंचांचे १२ ट्रे, एक हीटर, एक पंखा, दमट हवा बाहेर सोडणारी झडप आणि दारावर तापमानाचे आकडे. विकणाऱ्यांची नावं वेगळी, आतली रचना जवळपास एकच. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या प्रकारच्या यंत्राचं आहे.

आधी क्षमता, कारण फसगत तिथे होते. एका ट्रेचं क्षेत्रफळ सुमारे ०.३३ चौरस मीटर, म्हणजे बारांचं मिळून ४. बीटाच्या ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या एकीवर एक न चढवता लावल्या तर चौरस मीटरला जेमतेम ३ किलो बसतात. म्हणजे एका घाण्याला १२ किलो. शेवग्याचा पाला चौरस मीटरला दीड किलोच्या वर गेला की मधली पानं वाफेत शिजल्यासारखी काळपट होतात, त्यामुळे त्याचा घाणा ५-६ किलोंचाच. माहितीपत्रकात याहून बराच मोठा आकडा असेल तर तो ट्रेवर ढीग मारून काढलेला आहे असं समजा.

दुसरी गोष्ट वारा. गिऱ्हाईक दारावरचे आकडे बघतं, पण भुकटीचा रंग आणि वास ठरतो तो हवा बाराही ट्रेवरून सारखी फिरते की नाही यावर. तपासायला साधी युक्ती आहे. एकाच मापाची १२ सुती फडकी भिजवून, सारखी पिळून, वजन करून प्रत्येक ट्रेवर एक पसरायची. ६० अंशांवर पाऊण तास यंत्र चालवून पुन्हा वजन करायचं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाळलेल्या फडक्यांनी गमावलेल्या पाण्यात पावपटीहून जास्त फरक दिसला तर हवेचा मार्ग सदोष आहे. विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या दारात ही चाचणी करून बघावी. या वर्गातल्या बऱ्याच यंत्रांत पंख्याच्या बाजूचे ट्रे आधी वाळतात आणि तळकोपऱ्यातले मागे राहतात. मग दर दीड-दोन तासांनी ट्रे वर-खाली आणि उलटसुलट करण्यावाचून गत्यंतर नसतं. ती मजुरी हिशेबात धरा.

ट्रे जाळीचे मागा. सपाट पत्र्याच्या ट्रेवर माल फक्त वरून वाळतो आणि खालची बाजू चिकटते. पाल्याचा चुरा जाळीतून पडतो, त्यावर अन्नयोग्य बारीक जाळी अंथरली की भागतं. पत्रा स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीचाच हवा, कारण आवळा आणि टोमॅटोचं आम्ल हलक्या पत्र्याला डागाळतं. चुंबक लावून २०२ (ही हलकी प्रत) आणि ३०४ मधला फरक कळत नाही, दोन्हींना ते धरत नाही. बाजारात मिळणाऱ्या तपासणीच्या द्रावणाचा एक थेंब कळवतो.

आता तापमान. ओला माल सुरुवातीला स्वतःच्या बाष्पीभवनानं थंड राहतो. हवा ६५ अंशांची असली तरी पातळ चकती पहिला तासभर ३५-४० अंशांच्या आसपास असते. म्हणून बीट, गाजर पहिले दीड तास ६५ वर, झडप पूर्ण उघडी ठेवून चालवावं. पाणी उतरू लागलं की ५५ वर आणून झडप पाऊण बंद करावी. नंतरच्या टप्प्यात माल हवेइतका तापू लागतो, आणि बीटाचा लाल रंग व आवळ्यातलं क जीवनसत्त्व तिथेच जळतं. तापमान शेवटी वाढवून ‘लवकर उरकणं’ ही सर्रास होणारी चूक. जाड फोडींना मात्र सुरुवातीची ६५ अंशांची हवा सोसत नाही. वरचं आवरण कडक होतं, आतलं पाणी अडकतं, माल हाताला कोरडा लागतो आणि डब्यात पंधरा दिवसांत बुरशी धरतो. उपाय तापमानात शोधू नका, सुरी बदला. ३ मिलिमीटरची चकती किंवा जाडसर कीस.

पाल्यासाठी ५० ते ५५ अंश, त्याहून वर नको. देठ आधी काढावेत, नाहीतर पानं कुडकुडीत होऊनही देठ ओलसर राहतात आणि सगळ्या भुकटीला ओल देतात. वाळवण्याआधी दीड-दोन मिनिटं वाफ दिली तर विकरं (पानातले एन्झाइम) मरतात, हिरवा रंग टिकतो आणि साठवणीत गवतासारखा वास येत नाही. क जीवनसत्त्व थोडं जातं, ते मान्य करावं लागतं. गाजराला उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं पुरतात. बीट मात्र पाण्यात टाकू नये, रंग पाण्यात उतरतो. कांदा-लसणाला वाफ दिली तर त्यांचा तिखट वासच मरतो.

माल वाळला की नाही हे चुरडून बघणं पाल्यापुरतं ठीक. बाकी सगळ्याला वजनाचा हिशेब हवा. बीटात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. १००० ग्रॅम चकत्यांत घन पदार्थ १३० ग्रॅम, ५ टक्के ओलाव्याला वजन उरेल १३७ ग्रॅम. खूण केलेला एक ट्रे तेवढ्यावर आला की थांबायचं. तो ट्रे सर्वांत उशिरा वाळणाऱ्या कोपऱ्यातला असावा.

विजेचं गणितही इथूनच निघतं. या यंत्रात एक किलो पाणी उडवायला साधारण १.३ ते १.६ युनिट जातात (निव्वळ बाष्पीभवनालाच सुमारे ०.६५ लागतात). बीटाच्या एक किलो भुकटीमागे सव्वासहा किलो पाणी, म्हणजे ८ ते १० युनिट. शेवग्याच्या पाल्याला जवळपास ३ किलो पाणी, ४ ते ५ युनिट. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असल्यानं एक किलो भुकटीसाठी १६ किलो कापलेला टोमॅटो आणि २० ते २४ युनिट. १० रुपये युनिट धरलं तर टोमॅटोच्या किलोभर भुकटीत दोनशेहून जास्त रुपये नुसत्या विजेचे. टोमॅटो मातीमोल झाल्यावरच हे परवडतं. आणि खरं सांगायचं तर मार्चमध्ये मराठवाड्या-विदर्भात शेवग्याचा पाला सावलीत, जाळीखाली दोन-तीन दिवसांत छान वाळतो. तिथे यंत्राची गरज पावसाळ्यापुरतीच.

पावसाळ्यातही यंत्र चालतं. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता १६ टक्क्यांवर येते, वाळवायला ती पुरते. घोटाळा पुढे होतो. कोकणातल्या जुलैत वाळलेला माल उघडा ठेवला की अर्ध्या तासात नरम पडतो. ट्रेवरून थेट झाकणाच्या डब्यात, डब्यातच गार, मग लगेच दळण. गरम माल पाकिटात भरला तर आत दव धरतं. मिक्सर सलग चालवला तर भुकटी तापून गोळे होतात, २०-२५ सेकंद चालवून थांबावं. ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) चाळणीतून खाली पडेल ती विक्रीची, वर उरलेली पुन्हा दळणाला. पाकीट अ‍ॅल्युमिनियमच्या थराचं. पारदर्शक पिशवीत गाजराचा केशरी रंग दुकानाच्या उजेडातच उडून जातो.

पिकलेला आंबा, चिकू, पिकलं केळं यांची मोकळी भुकटी या यंत्रात होत नाही, विक्रेता काहीही म्हणो. त्यांतल्या साखरा सामान्य तापमानालाच चिकट होतात. पोळी वाळते, पण दळताना पात्याला गोंद होऊन बसते. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पांढरी भुकटी) घातलं तर जमतं, पण मग लेबलवर ‘१०० टक्के आंबा’ लिहिता येत नाही. कच्च्या केळ्याचं पीठ मात्र सुरेख होतं.

कोटेशन घेताना तीन गोष्टी लिहून घ्या: पंख्याची मोटर गरम हवेच्या प्रवाहाबाहेर बसवलेली आहे का, दाराचं रबरी गॅस्केट सुटं मिळतं का, आणि हीटरची कॉइल गावातल्या इलेक्ट्रिशियनला बदलता येईल का. ३ किलोवॅटच्या हीटरला १३ अँपिअर लागतात, पंख्याचे वेगळे. घरातल्या जुन्या वायरिंगवर हे कपाट लावू नका, २० अँपिअरच्या एमसीबीची (भार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचची) स्वतंत्र लाइन ओढून घ्या.